हातानं फिरवलेला नट

मागच्या चाकाचा नट नुसता हातानं फिरवलेला आहे, त्याला पाना लागलेला नाही, हे त्या सकाळी आमच्या दारात दोघांनाच माहीत होतं. एक मी आणि दुसरी माझी धाकटी बहीण काव्या. कोर्टात वकिलानं विचारलं तेवढंच बोलता आलं. इथं सगळं सांगतो.

मी अनिलकुमार. सोलापुरात अक्कलकोट रोडला माझं मोटारसायकलचं गॅरेज आहे आणि मागच्या दोन खोल्यांत घर. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे कुठलंही गिऱ्हाईक सांगेल. पण माझ्याकडून नट ढिला राहिलेली गाडी बाहेर गेली, असं कुणी सांगणार नाही. गाडी देण्याआधी मी प्रत्येक नट पुन्हा चाचपतो. बाप गेल्याची हाक आली तेव्हासुद्धा हातातली गाडी आधी चाचपली, मग घरात गेलो. लोकांनी नावं ठेवली. ठेवू देत.

काव्याला अक्कलकोटकडच्या एका गावात दिलेली. नवरा मल्लिनाथ. घर चांगलं, शेती बागायती, आणि चार वर्षांत काव्याचे दोन दात गेले, डावं मनगट मोडलं. ते वाकडंच जुळलं. गेल्या उन्हाळ्यात ती अंगावरच्या साडीनिशी निघून आली आणि परत जाणार नाही म्हणाली. मी म्हणालो, "मुडदा पाडतो त्याचा." त्या चार-पाच महिन्यांत हे वाक्य मी शंभर वेळा तरी म्हणालो असेन. शेवटी ती वैतागून म्हणाली, "अण्णा, बोलून पोट भरलं असंल तर मला एक गाडी बघ की."

तिला कन्याकुमारीला जायचं होतं. एकटीला. तिथंच का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "लई लांब हाय. वाटंत कुणी मला कुणाची बायको म्हणून वळखणार न्हाई."

मोहोळच्या एका दूधवाल्याची सव्वाशे सीसीची जुनी गाडी मिळाली. तिला आंबट वास यायचा आणि चढावर ती म्हाताऱ्यासारखी खोकायची. कॅन अडकवायचे लोखंडी आकडे मी काढायला निघालो, तर काव्यानं काढू दिले नाहीत. त्यालाच बॅगा बांधू म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं. आम्ही इंजिन उघडून रिंगा बदलल्या, टायर नवे घातले, नवी पेठेतून सीटमध्ये जाड फोम भरून आणला. क्लचची एक जादा केबल जुन्या केबलीलाच बांधून ठेवली, वाटेत तुटली तर लगेच जोडता यावी म्हणून. वाकड्या मनगटाला क्लच जड जायचा. तो तिच्या दोन बोटांत दाबला जावा म्हणून मी आठ दिवस नुसता त्या एका दांडीवर घालवले. ज्या दिवशी दाबला गेला त्या दिवशी ती लहान पोरीसारखी हसली, तोंडावर हात न धरता, पडलेल्या दातांसकट. मला रडू आलं, म्हणून मी तिच्यावरच ओरडलो.

दसऱ्यानंतर दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं होतं.

आमच्यात नवमीला आयुधपूजा असते. पाने, पक्कड, हातोडी सगळं धुऊन पाटावर मांडायचं, विभूती लावायची, फुलं वाहायची, आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मी नवमीच्या सकाळी नवी चेन घालून काव्याच्या मदतीनं मागचं चाक बसवलं, नट हातानं फिरवला आणि पाना घ्यायला वळलो, तर पाना पाटावर. आमच्या अव्वानं, म्हणजे आई रत्नम्मानं, तोवर त्याला विभूतीची तीन बोटं ओढलेली.

"एवढं एकच काम, अव्वा."

"उद्या. गाडी काय आज पळून चाललीया व्हय?"

देवापुढं माझा राग एखाद्या वेळी चालेल, अव्वापुढं चालत नाही. काव्यानं हसत गाडीला झेंडूची माळ घातली.

दहाच्या सुमाराला मल्लिनाथ आला. सोबत जीप आणि जीपमध्ये दांडगा चुलतभाऊ. मी दात आवळून म्हणालो, "या दाजी, बसा. चहा ठेवायला सांगतो."

"चा प्यायला न्हाई आलो. माझी बायको फटफटीवर देश बघाय चाललीया म्हनं. गाव हसतंय मला."

बोलता बोलता त्यानं काव्याचे केस मुठीत धरले. "नडी मनिगी!" घरी चल, असं कानडीत ओरडत त्यानं तिला दारापर्यंत फरफटवलं. ती ओरडली नाही. तिला सवय होती, आणि ते बघूनच माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी त्याच्या तोंडावर ठोसा दिला. त्याचा ओठ फाटला, केस सुटले. मग चुलतभावानं मला मागून आवळलं आणि मल्लिनाथनं मला पोटात, छातीत, तोंडावर, हवं तिथं मारलं. खाली पडल्यावर बुटानं मारलं. एक बरगडी मोडली तेव्हा मला हाडाचा आवाज ऐकू आला. अव्वा मध्ये पडली, तर तिलाही ढकललं. ती पाटाशेजारी जाऊन आदळली.

शेजारचे दोघं-तिघं जमले, तसा मल्लिनाथ थांबला. बायकोला लोकांदेखत जीपमध्ये कोंबणं त्याला आता जमेना. त्यानं तोंड पुसलं आणि गाडीकडं बघितलं.

"ठीक हाय. बायको ऱ्हाऊ द्या, गाडी नेतो. चालत जा म्हनं कन्याकुमारीला."

त्यानं माळ तोडून फेकली आणि गाडीवर टांग टाकली. पहिल्याच किकला गाडी चालू झाली.

तेव्हा मला नट आठवला. चार-पाच किलोमीटर जाईल, मग धक्क्यांनी नट गळेल, चाक तिरकं होईल, चेन उतरून अडकेल आणि भर हायवेवर ट्रकांच्या मध्ये चाक जागच्या जागी थांबेल. मला आनंद झाला. लपवत नाही. तोंडात रक्ताची चव होती आणि मला आनंद झाला. शंभर वेळा बोललेलं काम आता नुसतं गप्प राहून होणार होतं.

मी काव्याकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती. तिलाही आठवलं होतं, ते तिच्या डोळ्यांत दिसलं. तिनं ओठ घट्ट मिटले.

मल्लिनाथनं गाडी वळवली. मागचं चाक किंचित हललं. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं, मला दिसलं. त्याची दया आली, असं कुणी समजू नये. माझ्या हातची गाडी तशी बाहेर जाणं मला सोसवेना, एवढंच. मी बरगडी धरून उठलो आणि ओरडलो, "दाजी, थांबा! मागचा नट ढिला हाय. मराल!"

तो हसला. "आता नट ढिला व्हय? मगाशी बरं न्हाई सांगितलंस!"

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. त्यानं गिअर टाकला. मी पाटावरची हातोडी उचलली. अव्वा किंचाळली, "अनिल, पूजा!" मी आडवा झालो आणि ॲक्सिलेटरवरच्या त्याच्या हातावर घाव घातला. हाड मोडलं. गाडी आडवी झाली आणि तो तिच्याखाली आला.

त्या एका घावानं तो वाचला होता. तिथं थांबायला हवं होतं.

मी थांबलो नाही. दुसरा घाव खांद्यावर घातला, तिसरा गुडघ्यावर. तो "अनिलदादा, अनिलदादा" म्हणत होता. वयानं माझ्याएवढा माणूस, कधी मला दादा म्हणाला नव्हता. चौथा घालायला हात वर केला, तेव्हा चुलतभावानं मला पकडलं नाही, तो भिऊन मागं सरकला होता. काव्यानं पकडलं. वाकड्या मनगटानं माझ्या कोपराला लोंबकळली आणि म्हणाली, "बास. आता बास."

मल्लिनाथ आता काठी घेऊन चालतो. माझ्यावर केस आहे, जामिनावर आहे. नट ढिला होता, मी त्याला वाचवत होतो, हे मी पोलिसांना सांगितलं. फौजदारांनी विचारलं, वाचवायला तीन घाव लागले का?

जामीन मिळाला तो दसऱ्यानंतरचा पाचवा दिवस. घरी आलो तर काव्या गाडीला बॅगा बांधत होती. वाकलेलं हँडल तिनं दुसऱ्या गॅरेजात सरळ करून आणलं होतं, मागचा नटही तिथंच आवळून घेतला होता.

मी म्हणालो, "काव्या, पहिला घाव त्याच्या भल्यासाठीच होता."

"ठाव हाय."

"मग राग आला."

तिनं दोरीची गाठ मारली. "त्यो बी असंच सांगायचा, अण्णा. पहिली थप्पड तुझ्या भल्यासाठी. मग राग आला."

मी म्हणालो, "माझ्यात आणि त्याच्यात काही फरक हाय का न्हाई?"

"हाय की. लई हाय," ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली.

ती गाडीवर बसली. अव्वानं तिच्या कपाळाला विभूती लावली. मीही जवळ गेलो आणि नीट जा म्हणून तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. त्याबरोबर तिचं डावं कोपर झटकन वर आलं आणि तिनं तोंड झाकलं.

मग तिनं कोपर खाली घेतलं आणि ओशाळून म्हणाली, "आपोआप झालं, अण्णा." मी हात मागं घेतला आणि ती गेली.