पाटावरचा बत्ता कोर्टात

मित्रांनो, मी एक जुना पितळी बत्ता आहे. हसू नका! आलं-वेलदोडे कुटणारा मीच. पण माझ्यापायी एक माणूस जन्मभर तुरुंगात जायचा होता, आणि ते सगळं मी कोर्टाच्या टेबलावर पडून ऐकलंय!

पुण्याच्या तांबट आळीतून स्वरालीने मला उचललं ते थेट जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला आणलं. तिचा नवरा गुरुदत्त आणि त्याचा मित्र कपिल तिथे पीएचडी करायचे. तिघं एकाच घरात राहायची. माझ्या मसाल्याच्या चहाचं काय कौतुक व्हायचं म्हणून सांगू!

खंडेनवमीला स्वरालीने हॉलमध्ये पूजेचा पाट मांडला. "कपिलभावजी, किचनमधला बत्ता पण आणा ना!" कपिलने मला आणलं, तिने मला हळदकुंकू वाहिलं आणि ती फुलं आणायला गेली. तेवढ्यात दोघांचं जुंपलं. गुरुदत्तने संशोधनाच्या पेपरवरून कपिलचं नाव काढलं होतं. कपिलचा तोल गेला, हाताला मी लागलो. गुरुदत्त वाचला नाही. अजून अंगावर काटा येतो हो.

घाबरून कपिलने मुंबईला आपल्या श्रीपादकाकांना फोन लावला. काका अमेरिकन कोर्टाच्या सिरियल बघणारे. म्हणाले, "विचारतील त्याला हो म्हण. सरकारी वकिलाशी सौदा होतो, शिक्षा कमी होते."

पोलिसांनी विचारलं, "बत्ता तूच आधी हॉलमध्ये आणलास?"

"हो."

"गुरुदत्त बेसावध होता?"

"हो."

झालं! बेसावध माणसाला गाठून मारलं, म्हणजे मोर्ड, खून.

कपिलच्या वकीलबाईंनी डोक्यालाच हात लावला. "आल्झो, म्हणजे असं बघ, इथे सौदा शिक्षेपुरता होतो, गुन्हा कोणता त्यावर नाही. आणि मोर्ड ठरला की जन्मठेपच, तिथे न्यायाधीशांचेही हात बांधलेले. टोटश्लाग, म्हणजे त्याहून खालची हत्या ठरली, तरच शिक्षा वर्षांत मोजतात."

मग कपिलने पूजेचं आणि आधी झालेल्या भांडणाचं सांगितलं. सरकारी वकील म्हणाले, "आत्ता सुचलं?" माझ्यावरची हळद तर त्यांना मसाल्याचा डाग वाटली. मला ओरडावंसं वाटत होतं, पण बत्त्याचं कोण ऐकतंय!

शेवटी साक्षीला स्वराली आली. बत्त्याचं तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आता न्यायाधीशांनी विचारलं. 'आठवत नाही' म्हणाली असती तर कपिल संपला होता, आणि तिला कुणी बोल लावला नसता.

तिने कपिलकडे पाहिलंसुद्धा नाही. "मला त्याचं तोंड बघायचं नाही," ती म्हणाली. "पण बत्ता मीच आणायला सांगितला होता. पूजेसाठी."

बत्ता पूजेसाठी आला होता हे ठरलं, तसं कपिलचं भांडणाचं सांगणंही कोर्टाने खरं मानलं. निकाल लागला. टोटश्लाग, नऊ वर्षं! मला हायसं वाटलं, आणि लगेच त्याची लाजही वाटली, कारण समोर स्वराली एकटीच कोट चढवत होती.

मित्रांनो, कबुली द्यायची वेळ आली तर हिशेब करून देऊ नका, घडलं ते सगळं सांगा. आणि राग आला की हातातली वस्तू आधी खाली ठेवा रे. कपिल कधीतरी घरी जाईल. गुरुदत्त नाही जाणार.