पाडव्याचं श्रीखंड

"आई, झाकण लावू का?" दीक्षाने विचारलं.

"नको. झाकणाला पाणी सुटतं आणि ते श्रीखंडात पडतं. फडकं बांध."

दीक्षाने पातेल्यावर पांढरं फडकं ताणून बांधलं आणि फ्रिजच्या मधल्या कप्प्यात जागा करून पातेलं आत सरकवलं. दार लावता लावता ती थांबली. "उद्या दुपारपर्यंत राहील ना हे. कसला तरी वास लागेल, आई."

"काही लागत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून करून राहिले मी."

सोमवार होता. दुसऱ्या दिवशी पाडवा. रविवारी संध्याकाळी टांगलेला चक्का भानुमतीबाईंनी सकाळी उतरवला, साखर घालून पुरणयंत्रातून काढला, दुधात खललेलं केशर, वेलदोडा आणि चारोळी घातली. श्रीखंड एक रात्र मुरलं पाहिजे, हा त्यांचा नियम. मदन महलजवळच्या एका शाळेच्या ऑफिसात त्यांनी एकतीस वर्षं कारकुनी केली. दाखल्यांवर शिक्के मारले, हजेरीपट जुळवले. निवृत्तीच्या दिवशी मुख्याध्यापकांनी भाषणात त्यांचं नाव चुकीचं घेतलं, तेही त्यांनी हसून घेतलं. पण जबलपूरच्या मराठी घरांमध्ये कुठेही श्रीखंडाचा विषय निघाला की भानुमतीबाईंचं नाव निघे. त्यांच्या वाट्याला आलेलं कौतुक एवढंच होतं.

म्हणूनच ती गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. तीन वर्षांपूर्वीच्या साथीत त्या तापाने फणफणल्या, बऱ्या झाल्या, पण नाकाला वास येणं गेलं ते परत आलं नाही. जिभेला गोड, आंबट, तिखट कळे. बाकी सगळं कागद चावल्यासारखं. केशराची डबी नाकाशी धरून त्या "वा!" म्हणत, आणि प्रमाण हाताच्या सवयीवर चाले.

दीक्षा दुपारी लॅबमध्ये कामाला निघून गेली. ती एका पॅथॉलॉजीत टेक्निशियन होती. मूळची जबलपूरच्याच रिछाई वस्तीतली. वडील लक्ष्मणराव तिथल्याच एका कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलाने, देवदत्तने, बौद्ध घरातली मुलगी पसंत केली तेव्हा भानुमतीबाईंनी विरोध केला नाही. विरोध केला नाही, याचा त्यांना आतून थोडा अभिमानही होता.

एकट्या जेवताना त्यांनी फ्रिज उघडला. दीक्षाच्या आईने, चंपाबाईंनी, लसणाची चटणी पाठवली होती. तिखटजाळ. हल्ली भानुमतीबाईंना जेवताना खरी मजा येई ती तिखटाचीच, कारण तेवढं तरी जाणवे. भाकरीबरोबर त्यांनी दोन चमचे चटणी खाल्ली, आणि डबा जागा दिसली तिथे ठेवून दिला. मधल्या कप्प्यात, पातेल्याला चिकटून. झाकण नीट बसलं की नाही, ते पाहिलं नाही.

पाडव्याला पद्मजावन्सं आल्या. भानुमतीबाईंच्या दिवंगत नवऱ्याची मोठी बहीण. गुडघ्याचं कारण सांगून त्या लग्नाला आल्या नव्हत्या, त्यामुळे दीक्षा आल्यानंतर या घरात त्यांचं हे पहिलंच जेवण. बरोबर मुलगा, सून, नातवंडं. दीक्षाने सकाळपासून पुऱ्यांची कणीक मळली, बटाट्याची भाजी केली, पानं वाढली. श्रीखंड मात्र भानुमतीबाईंनी स्वतः वाढलं.

वन्संनी पुरीचा तुकडा श्रीखंडात बुडवून तोंडात घातला आणि चावायच्या थांबल्या. त्यांच्या सुनेने वाटी हळूच बाजूला सरकवली. नातू म्हणाला, "दादी, इसमें लहसुन है!"

"लसणाचा वास येऊन राहिला," वन्सं म्हणाल्या. "सणाच्या गोडाला! भानू, हे तू केलं?"

भानुमतीबाईंनी एक घास घेतला. गोड होतं, किंचित आंबट होतं. आणि त्याच क्षणी त्यांना चटणीचा डबा आठवला. आपला हात आठवला, तो डबा आत ठेवणारा.

"कोणाचा हात लागला याला?" वन्संनी दीक्षाकडे पाहिलं. "ज्याच्या त्याच्या घरच्या सवयी असतात, अच्छा, चलो. पण सणाच्या दिवशी तरी..."

दीक्षा पुऱ्यांचं ताट हातात धरून उभी होती. तिने वन्संकडे पाहिलंच नाही. ती सासूकडे पाहत होती, काहीतरी ऐकायची वाट बघावी तशी.

भानुमतीबाई म्हणाल्या, "नवी आहे ती. शिकेल हळूहळू."

किती सहज निघालं ते. आवाजही नेहमीचाच, समजूतदार. देवदत्तने एकदा मान वर केली, मग खाली घालून वाटीतलं सगळं श्रीखंड चमच्याने संपवलं. दीक्षाने ताट टेबलावर ठेवलं, सगळ्यांच्या वाट्या गोळा केल्या आणि स्वयंपाकघरात गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत होता.

वन्सं गेल्यावर भानुमतीबाई स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या. दीक्षा पातेलं घासत होती. चटणीचा डबा धुऊन पुसून ओट्यावर पालथा घातला होता. म्हणजे तिला समजलं होतं. भानुमतीबाईंनी "राहू दे, बाई येईल उद्या" एवढंच म्हटलं आणि त्या माघारी वळल्या.

पुढचे चार दिवस दीक्षा तशीच वागली. सकाळचा चहा, कामावर जाताना "येते आई". फरक एकच पडला. ती विचारेनाशी झाली. मीठ किती घालू, कुकर किती शिट्ट्यांवर बंद करू, काही नाही. ती करायची, वाढायची आणि उठून जायची. आपण तिच्याशी बोलावं असं भानुमतीबाईंना दर सकाळी वाटे, आणि लाजेने जीभ उचलत नसे. लाज खोटं बोलल्याची होतीच. पण त्याहून जास्त, ते खोटं लगेच खरं वाटेल हे आपल्याला आधीच माहीत होतं, याची होती. दुसऱ्या कुठल्या घरची सून असती तर वन्सं एवढ्या पटकन तिच्याकडे वळल्या असत्या का? आणि आपण?

रविवारी चौदा एप्रिल. बाबासाहेबांची जयंती. लग्नानंतरची पहिलीच म्हणून लक्ष्मणरावांनी तिघांनाही आठ दिवस आधीच जेवायला बोलावलं होतं. वस्तीत निळ्या पताका लागल्या होत्या. चंपाबाईंनी दारातच भानुमतीबाईंचे हात धरले.

"या ताई, बसा. पंख्याखाली बसा. लय ऊन आहे." त्यांनी आतून स्टीलची वाटी आणली. तांदळाची खीर. "काल संध्याकाळीच करून ठेवली, थंड चांगली लागते. पण पहिले तुम्हीच चाखा. जायफळ जास्त तं नाही झालं? दीक्षा म्हणते, गोडातलं आमच्या आईंना जेवढं कळते तेवढं कोणालेच नाही."

भानुमतीबाईंच्या हातात वाटी तशीच राहिली. "असं म्हणते ती?"

"परवाच फोनवर म्हणे. काहून जी?"

म्हणजे मुलीने माहेरी अवाक्षरही काढलं नव्हतं. भानुमतीबाईंनी एक चमचा तोंडात घातला. गोड. बाकी काही नाही.

"मला नाही सांगता येत, चंपाबाई," त्या म्हणाल्या. "मला वास येत नाही. तीन वर्षं झाली." आणि मग थांबता येईना म्हणून त्यांनी पुढचंही सांगितलं. चटणीचा डबा, पातेलं, वन्संचं बोलणं, आणि आपण काय म्हटलं ते, शब्दाला शब्द.

लक्ष्मणराव चष्मा काढून पुसत बसले. चंपाबाईंनी हळूच विचारलं, "माह्या पोरीवर ढकललं?"

"हो."

दीक्षा आतल्या दारात उभी होती. पांढरी साडी नेसलेली. "मला माहीत होतं, आई," ती म्हणाली. "जानेवारीत दूध जळालं, घरभर वास होता आणि तुम्ही बाजूला बसून पेपर वाचत होत्या. तेव्हाच समजलं."

"मग त्या दिवशी काहून नाही बोललीस?" भानुमतीबाईंनी विचारलं.

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

भानुमतीबाईंनी हात जोडले. दीक्षाने चटकन पुढे येऊन ते खाली केले. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "इथं सांगून काय होणार? इथं मला कोणी नावं ठेवली नव्हती."

भानुमतीबाईंनी पर्समधून मोबाइल काढला. नंबर दोनदा चुकला. वन्सं फोनवर नेहमी मोठ्यानेच बोलत. सगळ्या खोलीला ऐकू जात होतं.

"वन्सं, पाडव्याचं सांगायचं होतं. चूक माझी होती. दीक्षाची नाही. चटणीचा डबा मीच ठेवला होता. मला वास येत नाही हो."

पलीकडे वन्सं हसल्या. "अगं, किती पाठीशी घालशील सुनेला! तुझा स्वभावच मोठा. मी तं सगळ्यांना सांगते, भानूसारखी सासू मिळायला नशीब लागतं."

"नाही वन्सं, खरंच मी..."

"चलो, जाने दो. मी विसरले पण ते. शिकेल ती, तूच म्हणालीस ना?" आणि फोन बंद झाला.

भानुमतीबाई हातातल्या मोबाइलकडे पाहत राहिल्या. देवदत्त म्हणाला, "मी सांगतो आत्याला." पण कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने तोंड उघडायला पाच दिवस उशीर केला होता. ते त्यालाही कळलं असावं.

बाहेर ढोल वाजू लागले. मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली होती. लक्ष्मणराव उठले, मागोमाग देवदत्त. दीक्षाने केस सारखे केले आणि ती सर्वांच्या पुढे बाहेर पडली. चंपाबाई कुलूप घेऊन दारात थांबल्या.

"ताई, येता की बसता?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, मघाचा लोभही नव्हता.

"येते," भानुमतीबाई म्हणाल्या.

त्या बायकांच्या शेवटच्या रांगेत उभ्या राहिल्या. कोणी त्यांना पुढे या म्हटलं नाही, कोणी मागेही सारलं नाही. उन्हात रस्ता तापला होता. पुढे सगळ्याच बायका पांढऱ्या साड्यांत होत्या. त्यांतली दीक्षा कोणती, ते त्यांना मागून ओळखू येईना. त्या चालत राहिल्या.