अम्मी पुढे चालली

अब्बा गेल्यानंतर फेब्रुवारीत जायकवाडीच्या काठावर पक्षी बघायची आमची ही पहिलीच फेरी. जमलं नाही तर पुन्हा यायचं नाही, असं हारिसनं गाडीतच सांगून टाकलं होतं. अब्बा नेहमी पुढे चालत, आम्ही भावंडं गुपचूप मागे. अम्मी गाडीतच बसे. आज पुढे कोण, म्हणून आम्ही दोघं अडलो.

अम्मी उतरली आणि सरळ चालू लागली. पाण्यात रोहित पक्षी दिसताच माझ्याकडे वळून ओरडली, "या अल्ला! तहरीम, लई हायत गं!"

सगळा थवा उडाला. त्यांच्या पंखांच्या आतला लालभडक रंग आम्ही प्रथमच पाहिला. अब्बांसोबत असताना ते कधी उडालेच नव्हते.

"अम्मी, हळू बोल ना," हारिस म्हणाला.

"मग तू हो की पुढं!"

तो पुढे झाला. आम्ही दोघी मागे.