फुलांचा दगड

गेली कित्येक वर्षं मी शहाद्याच्या शाळेत ‘खडक आणि खनिजे’ हा धडा शिकवते. पोरं ऐकतात, निदान ऐकल्यासारखं तरी करतात. घरी मात्र पालथ्या घड्यावर पाणी! सासूबाई म्हणजे दगूबाई, आणि आमचे हे हेमराज, दोघांपुढे मी हात टेकलेत.

उन्हाळ्यात आम्ही शेतात नवी विहीर खणली. तिच्यातून निघालेल्या काळ्या दगडांत एक मोठा दगड होता, अंगभर पांढरे ठिपके असलेला. सासूबाईंनी तो पाहिला आणि पदर डोक्यावर घेतला.

“कानबाई मायनी दिधेल शे हाऊ दगड. अंगवर फुलं देख कसा शेतस! याना घरोटं बनाडूत. औंदा रोटनं पीठ याच घरोटावर दयसूत.”

घरोटं म्हणजे जातं. आमचं जुनं जातं गेल्या साली दुभंगलं होतं. कानबाई ही आमची खानदेशी देवी, श्रावणात तिच्या नैवेद्याला ज्या पुऱ्या होतात तो रोट. आणि रोटाचं पीठ गिरणीत चालत नाही सासूबाईंना. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू, घरच्या जात्यावर दळायचे, पीठ चाळायचं नाही. रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही, टाकायचा तर नाहीच. पुनवेच्या आत संपवायचा.

यंदा सासूबाईंच्या जिवाला एकच घोर होता, लोटनआबा. सासूबाईंचे धाकटे दीर. बांधावरच्या जुन्या विहिरीवरून भांडण झालं आणि त्यांनी रोट वेगळा केला. माझे सासरे वारले तेव्हा आबा स्मशानातून परस्पर घरी गेले, आमच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. “मी मराना आगोदर लोटननी या घरमा रोट खावाले पायजे,” एवढंच म्हातारीचं मागणं. मलाही ते पटत होतं. म्हणून तर जीव तुटत होता, की इतक्या वर्षांनी माणूस जेवायला यावा आणि त्याच्या दाताखाली खडा यावा!

कारण तो दगड जात्याचा नव्हताच. मी दोघांना ओट्यावर बसवून समजावलं. “हे बघा, लाव्हा थंड झाला तेव्हा त्यात वाफेचे बुडबुडे अडकले. ढोकळ्यात जाळी पडते ना, तशी भोकं राहिली. मग गरम पाणी झिरपत राहिलं, त्यातले क्षार त्या भोकांत बसले, त्यांचे खडे झाले. ही फुलं म्हणजे ते खडे. दळताना ते सुटतात नाहीतर त्यांचा भुगा होतो. जात्याला गच्च, भोक नसलेला काळा दगड लागतो.”

“म्हंजे ढोकयाना दगड शे,” हेमराज म्हणाले आणि स्वतःच हसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी खिळा आणला. पांढऱ्या ठिपक्यावर ओरखडा काढला, भुकटी पडली. शेजारच्या काळ्या भागावर काढला, काही नाही. “बघा! दगड टणक आहे, पण ही फुलं मऊ आहेत. नखापेक्षा जरा कठीण, बस्स. याला कॅल्साइट म्हणतात.”

“खियाघाई मायना अंगवर वरखडा काढस का?” सासूबाईंनी दोन्ही गालांवर हात मारून घेतले.

मग मला वाटलं, शेवटचा पुरावा देऊ. शाळेत पोरं यावर हमखास गप्प होतात. मी लिंबू चिरलं आणि त्या भुकटीवर पिळलं. भुकटी फसफसली. “हे बघा, बुडबुडे! आंबट पडलं की कॅल्साइट असंच—”

“बोलनी! माय बोलनी!” सासूबाईंनी हात जोडले. हळदीकुंकू आलं, नारळ फुटला. शेजारच्या कौसाबाई धावत आल्या, त्यांनीही एक लिंबू पिळून घेतलं. दिवस मावळायच्या आत निम्म्या गावाने आमच्या ओट्यावर लिंबं पिळली. कपाळ माझं! शिकवायला गेले भूगोल आणि झाला चमत्कार.

पाथरवटाकडून जातं घडून आलं. दळण्याच्या दिवशी सासूबाई ओव्या म्हणत दळत होत्या आणि मी समोर बसून फक्त आवाज ऐकत होते. गव्हाच्या घरघरीत मधूनच कुर्र, कुर्र. दळण झाल्यावर चिमूटभर पीठ जिभेवर टाकलं. कच्! दाढेपासून कानापर्यंत शिरशिरी गेली. सासूबाईंनी पीठ बोटांत चोळलं आणि हात झटकून उठल्या. मला वाटलं, या वयात बोटांना काय कळणार.

चाळता येत नव्हतं. टाकता येत नव्हतं. सांगून तर उपयोगच नव्हता. तेवढ्यात हेमराज दारातूनच ओरडत आले, “आबाना निरोप उना! आबा येई ऱ्हायनात!” घरात कोणी नाही असं पाहून मी रोटाचं पीठ एका डब्यात भरलं, तांदळाच्या कोठीमागे सारलं, आणि त्याच्या जागी रोजच्या पोळीचं गिरणीचं पीठ ठेवलं. देवीची माफी मागितली, आणि वर तिलाच सुनावलंही, तू दगड बघून द्यायचास की नाही?

रविवारी कानबाई चौरंगावर बसली. लोटनआबा आले. आधी वाकून जात्यावर हात फिरवला, फुलांवर बोट ठेवलं, मग पाटावर बसले. पहिला घास घेतला.

“वहिनी,” आबा म्हणाले, “रोट कसा मऊसूत व्हयना! या दगडनीच करामत शे. मन्ही नातीना लगननी हयद याच घरोटावर दयसूत.”

सासूबाई पदराने डोळे पुसायला लागल्या. आणि हेमराजांनी माझ्याकडे बघितलं. “देख! मोठी दगड वयखनारी!”

म्हणे दगड ओळखणारी! अस्सा संताप आला म्हणून सांगू! ज्या दगडाने घात केला त्याचं कौतुक, आणि मला शिकवणी! तोंड दाबून बुक्क्यांचा मार सहन केला आणि आबांच्या ताटात आणखी एक पुरी वाढली.

राहिलं ते डब्यातलं पीठ. भूगोल शिकवते म्हणून काय झालं, कानबाईचं पीठ उकिरड्यावर टाकायची माझी हिंमत नव्हती. मग रोज दुपारी शाळेतून आले की दार ओढून घ्यायचे, दोन-तीन पुऱ्या तळायच्या आणि एकटीने खायच्या. कच्, कच्. दाढा ठणकायला लागल्या. प्रत्येक घासाला हेमराजांचं नाव घेत होते.

एका दुपारी दार लोटून सासूबाई आत आल्या.

“गपचूप काय खाई ऱ्हायनी वं?”

मी घास गिळला. त्या शेजारी बसल्या, वाटीत दूध घेतलं, माझ्या ताटातली पुरी त्यात कुस्करली.

“आई, नका खाऊ, त्यात—”

“खडा शे. माले ठाऊक शे. दयनू तवयच हातले लागना. तू पीठ बदलं, तेबी माले समजनं. मन्हा तोंडमा दात कोठे शेतस, माले काय व्हनार शे!”

“तुम्हाला माहीत होतं? मग तेव्हाच का नाही बोललात? मी वेड्यासारखी चोरून पीठ बदलत होते, दाढा झिजवत होते!”

“अवं, तवय बोलतू ते लोटन येता का?” त्या शांतपणे म्हणाल्या. “मी इतला साल बलावं, उना का तो? रोट खावाले तो उनाच नही. तो दगड देखाले उना. तू लिंबू पियी दिधं, माय बोलनी म्हनीसन गावमा बोभाटा व्हयना, तवय त्याना पाय निंघना. तुले दगड वयखता येस. माले लोटन वयखता येस.”

राग तर इतका आला होता, की रडूच फुटेल असं वाटलं. “आणि नातीच्या लग्नाची हळद? ती याच जात्यावर दळायची म्हणतात ना आबा!”

“त्या आगोदर घरोटाले तुयशीजवय मांडी दिऊत. शेंदूर लायी दिधा का देवीवर कोन दयस?” त्यांनी दुधातला घास हिरड्यांनी घोळवला. “घरमा लिंबू मातर ठेवत जाय. लगनमा पाव्हना इचारतीन, माय कशी बोलस.”

मी उरलेली पुरी तोंडात कोंबली. तोंडात कॅल्साइट होतं, बोलणार कशी?