कंठीवाल्या कोंबड्या

धुळ्याच्या सहाव्या गल्लीत एके काळी घरनंबर सांगायची गरज पडत नसे. ‘कंठीवाल्या कोंबड्यांचं घर’ म्हटलं की टांगा बरोबर कुंदाबाईंच्या दारात उभा राही.

कोंबड्या विलायती, ससेक्स वाणाच्या. अंग दुधासारखं पांढरं आणि मानेभोवती काळ्या पिसांची कंठी. कुंदाबाईंचे यजमान जीवरामभाऊ गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. १९६१ साली त्यांनी पुण्याहून सहा पिल्लं टोपलीतून आणली आणि बायकोच्या हवाली केली. पुढचं सगळं कुंदाबाईंचं. दर वर्षी पिल्लं मोठी झाली की त्या एकेकाला उन्हात धरून कंठी तपासायच्या. कंठी तुटक निघाली किंवा पाठीवर काळा ठिपका दिसला, तर ते पाखरू रविवारच्या रश्श्यात. त्यात दयामाया नसे. म्हणून तर कृषिप्रदर्शनात लागोपाठ तीन वर्षं पहिला नंबर आला.

भिंतीला भिंत लागून जतनबाईंचं घर. ओसवाल जैन, सूर्य बुडाल्यावर पाण्याचा घोटही न घेणाऱ्या. रविवारी इकडे फोडणी पडली की तिकडच्या खिडक्या धाडधाड बंद होत आणि भिंतीपलीकडून आवाज येई, “कुंदे, आज कोणाचा जीव घेतलास?”

“कंठी तुटकी होती, काकी.”

“तुझं नाक बसकं आहे, तुला कोणी कापलं का?”

सहा वर्षं हे असंच चाललं.

१९६७च्या एप्रिलअखेर जीवरामभाऊंनी कोंबड्यांना मानमोडीच्या साथीची लस टोचायचं काढलं. हात आडवा घातला तो कुंदाबाईंनीच. “टोचलं की अंडी कमी होतात. यंदा जोडी अशी जमलीय की पुन्हा जमायची नाही. पंधरा दिवस थांबा.”

मानमोडी थांबली नाही. दहाव्या दिवशी पहिली कोंबडी मान वाकडी करून पडली आणि चार दिवसांत नऊ कोंबड्या आणि कोंबडा, सगळं खुराडं रिकामं झालं. गल्लीतल्या गावठी कोंबड्याही गेल्या. जीवरामभाऊ बोलले काहीच नाहीत. ते बोलले असते तर बरं, असं कुंदाबाईंना वाटत राहिलं.

उरली ती अंडी. माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवलेली, प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख. रोगाच्या दिवसांतली त्यांनी फेकून दिली. अकरा राहिली. सहा वर्षांची मेहनत आता एवढीच होती, आणि उन्हाळा असा की आणखी चार दिवसांत तीही नासणार.

उबवायला खुडूक कोंबडी हवी होती. शिरपूरकडच्या सांगवीच्या वरच्या डोंगरातला बिजला पावरा दर मंगळवारी डिंक विकायला यायचा. त्याच्या गावाकडे रोग पोचला नव्हता. कुंदाबाईंनी त्याला निरोप धाडला, आणि तो एक तांबडी कोंबडी काखेत मारून एस.टी.ने आला. दारातच थबकला. रिकाम्या खुराड्याकडे बघून म्हणाला, “माय, आठे ठेवशी तर हाई बी मरी जाई.”

खरं होतं. अंगणाच्या मातीतच रोग होता. गल्लीत कोंबडीचा पाय कधीच लागला नव्हता असं अंगण एकच होतं.

जतनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पदर नाकाला लावलेलाच होता.

“अंडी माझ्या घरात?”

“खायला नाहीत, काकी. पिल्लं काढायला.”

“आणि पिल्लं मोठी झाली की रविवारी...”

जतनबाईंनी वाक्य अर्धंच सोडलं.

“एक शब्द दे. माझ्या अंगणात जन्मलं ते कापायचं नाही. एकही नाही.”

“आणि कंठी तुटकी निघाली तर?”

“तुटकी घालून जगेल.”

न निवडता वाण टिकत नाही, हे कुंदाबाईंना पक्कं ठाऊक होतं. पण आधी निवडायला काही उरायला हवं. त्यांनी शब्द दिला.

तांबडी बसली. रोग अंगाला चिकटून पलीकडे जाऊ नये म्हणून कुंदाबाई रोज अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, अनवाणी पलीकडे जात. जतनबाईंना वाटलं, आपल्या घराचा मान म्हणून ही सोवळं पाळते. त्यांचा आवाज मऊ झाला. कुंदाबाईंनी त्यांचा गैरसमज काही दूर केला नाही. आठव्या दिवशी अंडी उन्हात धरून पाहिली. दोन रिकामी निघाली, ती पुरली. जतनबाईंनी अंड्याला कधी बोट लावलं नाही. पण पापड वाळवायची खाट मात्र तांबडीवर सावली पडेल अशी सरकवली.

एकविसाव्या दिवशी पहाटे भिंतीवर थापा पडल्या. “कुंदे, ऊठ! अंडं बोलतंय!”

नऊच्या नऊ निघाली. तिसऱ्या महिन्यात कळलं : सात कोंबडे, दोनच कोंबड्या.

पहाटे चारला सात गळे सुटत, ते नेमके जतनबाईंच्या सामायिकाच्या, ध्यानाला बसायच्या वेळी. दिवसभर मारामाऱ्या. दोन बिचाऱ्या कोंबड्यांच्या पाठीवर पीस राहीना. जीवरामभाऊ म्हणाले, “दोघांच्या कंठ्या तुटक्या आहेत. एका रविवारचं काम.”

“शब्द दिलाय.”

बाजारात विकणं म्हणजे सुरीलाच देणं. कुंदाबाईंनी सर्वांत भरीव कंठीचा एक ठेवला आणि बाकी सहांसाठी बिजलाला बोलावलं. जतनबाईंनी सोनाराकडून पितळेच्या कड्या करून आणल्या होत्या. मारवाडात देवाच्या नावाने सोडलेल्या बोकडाच्या कानात कडी घालतात. कडीवाल्याला कोणी हात लावत नाही. इथे कड्या पायांत गेल्या.

बिजलाने डोकं खाजवलं. “आन् पाहुना उना तर?”

“दुसरा काप,” कुंदाबाई म्हणाल्या.

“आन् देवनी मांगा तर?”

“देवला सांग,” जतनबाई मारवाडी सुरात अहिराणी बोलल्या, “हाऊ जतनबाईना शे.”

घरचा कळप त्यानंतर फार वाढला नाही. बहात्तरच्या दुष्काळात माणसांनाच धान्य रेशनवर मिळू लागलं, तेव्हा कुंदाबाईंनी उरलेल्या तीन कोंबड्या बहिणीकडे असोद्याला पाठवल्या. त्या तिथेच संपल्या. खुराड्यात गोवऱ्या भरल्या. नवे टांगेवाले घरनंबर विचारू लागले.

१९७८च्या हिवाळ्यात कुंदाबाई कामानिमित्त शिरपूरला गेल्या होत्या, तिथून सांगवीच्या बाजारात. एका पाटीत पांढरी कोंबडी दिसली. मानेभोवती काळी कंठी. चार पावलांवर दुसरी, जरा पिवळट, पण कंठी तीच. पुढे बैलगाडीच्या चाकाला एक कोंबडा बांधलेला. मान अशी भरीव की प्रदर्शनात उभा करावा. पायात झिजलेली पितळेची कडी.

“केवढ्याला?” कुंदाबाईंनी विचारलं.

गाडीजवळची तरुण बाई हसली. “हाऊ इकाना नही, माय. कडीवाला शे. घर कोनी नही, म्हनीसन संगे आना.”

“कडी कोणी घातली?”

“मना सासरानी. बिजला. एक मरना का कडी काढीसन त्याना पोऱ्याले घालतस. याले कापतस नही. धुळामा एक देवी शे म्हने, जतनबाई. तिना शे हाऊ.”

कुंदाबाईंनी आपलं नाव सांगितलं नाही. तिच्याकडून नऊ अंडी घेतली, बाजरीच्या पिशवीत ठेवली, आणि परतीच्या एस.टी.त कंडक्टरची पेन्सिल मागून प्रत्येकावर तारीख घातली.

घरी न जाता त्या थेट शेजारी गेल्या. जतनबाई आता पंचाहत्तरीच्या, नजर अधू, उन्हात बसलेल्या.

“काकी, डोंगरात तुम्ही देवी झालात.”

जतनबाई दचकल्या. “अरे देवा! माझ्यापुढे कोंबडं तर कापत नाहीत ना?”

“तुमच्या नावाने सोडतात.”

म्हातारीने पिशवीकडे हात केला, अंड्यापर्यंत नेला आणि सवयीने मागे घेतला.

“किती आणलीस?”

“नऊ.”

“खाट सरकव तिकडे,” जतनबाई म्हणाल्या. “आणि सोनाराला आधीच सांगून ठेव, कड्या नऊ लागतील.”