श्रावणातल्या शर्टावरचा डाग

मेडशीच्या रामरावांवर दौलतसिंगचं डोकं फोडल्याचा खटला होता आणि माणूस तर पुरता निर्दोष! आता निर्दोष माणसानं कसं छाती काढून हिंडावं. पण रामराव वाशीमच्या कोर्टात यायचे ते चोरासारखे, भिंतीच्या कडेकडेनं.

सगळं अडलं होतं त्यांच्या शर्टापाशी. दौलतसिंगचं डोकं फुटलं त्या संध्याकाळी रामरावांच्या शर्टावर रक्ताचे डाग होते, आणि पोलिसांनी तो जप्त केला होता.

"घाबरता कशाला?" त्यांच्या वकील योगिनी मॅडम म्हणाल्या. "शर्ट प्रयोगशाळेत पाठवा म्हणून अर्ज करू. रक्त माणसाचं की आणखी कशाचं, ते वाळल्या डागावरूनही कळतं. माणसाचं नसलं की तुम्ही सुटलात."

रामरावांचा चेहरा पांढराफटक. "तपासनी कायले मॅडम? राहू द्या ना. साल-दोन साल जेल झाली तं काढतो मी."

मॅडमचं डोकंच फिरलं. "म्हणजे तुम्हीच मारलंत?"

"नाही वं माय! कोंबडीचं हाय थे!"

मग एकदाचं सगळं बाहेर पडलं. श्रावणी सोमवार होता. लेकीचं, वैष्णवीचं, लग्न जमावं म्हणून बायकोनं, कस्तुराबाईनं, महादेवाला नवस केलेला. घरात कांदासुद्धा बंद. नवऱ्याला पिंडीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावलेली. आणि हे महाराज शेतात कोंबडी कापून रस्सा ओरपत बसलेले!

"सोबत कोण होतं?"

"दौलतसिंग."

"अहो, तो तर फिर्यादी!"

"फिर्यादी कायचा, तंगड्या दोनी त्यानंच खाल्ल्या! घरी जाता जाता नाल्यात घसरला. हिरीबाईनं इचारलं, डोकं काहून फुटलं, तं माहं नाव सांगून मोकळा झाला. त्याच्या घरीबी श्रावनच ना! बायकोनं ओढत नेला ठान्यात."

"मग खरं सांगून टाका कोर्टात."

"जेलातून मानूस वापस येते मॅडम. कस्तुराच्या हातातून नाही येत."

मॅडम कुठल्या ऐकायला! अर्ज केला, शर्ट गेला, अहवाल आला. त्या दिवशी रामरावांनी घरी "आज कोर्टाले सुट्टी हाय" म्हणून थाप मारली, तरी कस्तुराबाई भाकरीचा डबा घेऊन पुढच्याच बाकावर हजर. शेजारी दौलतसिंगची हिरीबाई.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, "डाग रक्ताचे आहेत. पण माणसाच्या नव्हे, कोंबडीच्या."

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीशांनी दौलतसिंगला विचारलं, "मग तुमचं डोकं कोणी फोडलं?" त्यानं एकदा हिरीबाईकडं पाहिलं आणि हात जोडले. "कोनीच नाही साहेब. पोट लय जड झालं होतं, घसरलो."

दुपारी निकाल लागला. रामराव सुटले. कस्तुराबाईचे डोळे भरून आले. "मले ठाऊकच होतं, माह्या मानसानं कोनावर हात नसन उचलला!" रामरावांनाही भरून आलं. काय सोन्यासारखी बायको! असा जीव लावणारीशी आपण खोटं बोललो, याची त्यांना खरोखरच लाज वाटली.

तेवढ्यात कस्तुराबाईनं पदरानं डोळे पुसले आणि ती बोटांवर दिवस मोजू लागली. मोजता मोजता थांबली. "अवं हिरीबाई, थो तं सोमवार होता!"

दोघी एकदम उठल्या. दौलतसिंग केव्हाच जिना उतरला होता.

रामरावांनी घाईघाईनं मॅडमची बाही धरली. "मॅडम, वरच्या कोर्टात अपील होते का?"

"अहो, तुम्ही सुटलात!"

"म्हनून तं इचारून राह्यलो!"