मेजावरचा झेंडा

लीड्सच्या चर्चमध्ये सतरा वर्षं मागच्या बाकावर बसलेल्या पद्माकर साळव्यांना झेंडा वाहायचा मान मिळाला, आणि गडी नुसता हवेत! ब्याऐंशी साल, फॉकलंडची लढाई नुकतीच जिंकलेली. लढायांत गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाच्या रविवारी युनियन जॅक मिरवत न्यायचा, व्हिकारच्या, म्हणजे तिथल्या पाळकाच्या, हाती द्यायचा आणि त्याने तो ऑल्टरवर, प्रभुभोजनाच्या मेजावर, आडवा ठेवायचा, अशी तिथली रीत. आता आपल्याला कोणी परकं म्हणणार नाही, असं त्यांनी बायकोला, सीमाला, आठवडाभर ऐकवलं. ती बिचारी त्यांच्या कोटाला इस्त्री करून करून दमली.

झेंडा घेऊन चालताना ऑल्टरवरचा पांढराशुभ्र कपडा दिसला आणि मेलं नगर आठवलंच.

नगरला वडील चर्चचे पाळक. आई दर शनिवारी प्रभुभोजनाच्या मेजाचा कपडा खळीत बुडवायची, कोळशाच्या इस्त्रीने कडक करायची. पद्माकरने बोट लावलं की धपाटा. केवढं सुख होतं त्या खळीच्या वासात! महायुद्धात मिशनच्या साहेबाने युनियन जॅक आणला, मेजावर घाला म्हणाला. बाबांनी नाही म्हटलं. साहेबाने वर्षभर तोंड फिरवलं, पण गावाने बाबांना डोक्यावर घेतलं. मग सत्तेचाळीस साली चर्चच्या मंडळीतली पोरं तिरंगा घेऊन आली, सगळ्यांत पुढे बारा वर्षांचा पद्माकर. बाबांनी तिरंगा दारात उंच लावला, सलाम केला, पण मेजावर तोही घालू दिला नाही.

“हे जेवायचं मेज आहे, पद्मा. इथे प्रभू वाढतो. कुठल्या राज्याचा म्हणून विचारत नाही.”

पद्माकरने सगळ्यांदेखत बापाला गद्दार म्हटलं. बाबांनी कपड्याची सुरकुती तेवढी हाताने सारखी केली. माफी मागायची राहिली ती राहिलीच. बाबा वारले तेव्हा पद्माकर लीड्समध्ये होते.

व्हिकारने हात पुढे केले. पद्माकरांची मूठ सुटेना. झेंडा दिला नाही तर सतरा वर्षं पाण्यात, पुन्हा मागचा बाक, हे का कळत नव्हतं त्यांना? चांगलं कळत होतं. त्यांनी झेंडा खांबाला नीट टेकवून उभा केला, त्याला मान लववली आणि इथे जेवण वाढतात, एवढंच व्हिकारला हळूच सांगितलं. व्हिकार लालेलाल झाला. बाकांवर कुजबुज सुरू झाली.

प्रभुभोजनाला ते गुडघे टेकून बसले, तेव्हा शेजारच्या दोन्ही जागा रिकाम्या राहिल्या. व्हिकार भाकर घेऊन समोर आला आणि थांबला.

“चुकलो होतो, बाबा,” पद्माकर मराठीत म्हणाले.

व्हिकारला काय कळणार! त्याने त्यांच्या तळहातावर भाकर ठेवली.